रेडीच्या पैशातली बस

शालनकाकी दुकानात कधी बसत नसत. दुकानदाराने खुर्ची पुढे केली, स्टूल पुसून दिलं, "बसा की मावशी" म्हणून आग्रह केला, तरी त्या उभ्याच. वर त्यालाच सांगायच्या, "बसलं की माणूस मऊ पडतंय. तुमी बसा." चहाचंही तसंच. सौदा ठरेपर्यंत दुकानातल्या चहाला त्या हात लावत नसत. सौदा ठरला की मात्र चहा घेतल्याशिवाय पायरी उतरत नसत.

कळंब्यात त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. नवऱ्याची कोल्हापुरात बदली झाली, मी माझं पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर घेऊन त्याच्यामागे आले. घर बघायला गेलो तेव्हा काकी गोठ्यात होत्या. पदर खोचलेला, हातात शेणाची पाटी. भाडं एका वाक्यात ठरलं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"दूध कुणाचं घेणार?"

"पिशवीचं घेतो आम्ही," मी म्हणाले.

काकींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण दवाखान्यातून नुकत्याच सुटलेल्या माणसाकडे बघतो. दूध ठरायला भाड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि शेवटी ते त्यांच्याच म्हशींचं ठरलं.

त्या स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी गेलतो" असं बोलायच्या. मी नाशिककडची, त्यामुळे सुरुवातीला जिन्यातून "आलो गं, दार उघड" असं ऐकू आलं की मी ओढणी सावरत, कुणीतरी पुरुष माणूस आलंय असं समजून दार उघडायची. नंतर कळलं की इकडे बऱ्याच बायका असंच बोलतात. काकींना तर ते असं शोभायचं की त्या "मी आले" म्हणाल्या असत्या, तर मला वाटलं असतं, आज तब्येत बरी नाही वाटतं.

आमच्या गल्लीत कुणालाही काही घ्यायचं असलं की काकींना सोबत नेत. साड्या, फ्रिज, शिलाई मशीन, एकदा तर एकाने जावई पसंत करायलासुद्धा नेलं होतं. वस्तूची माहिती त्यांना असायची असं नाही. माहिती त्यांना विकणाऱ्या माणसाची असायची, म्हणजे तो तोंड उघडायच्या आत व्हायची. एक मिक्सर घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते, ते अजून आठवतं. दुकानदाराने मिक्सर कसा चालतो ते दाखवायला बटण दाबलं. रिकामं भांडं गरगर फिरलं.

"रिकामं काय कोण बी फिरतंय," काकी म्हणाल्या आणि पिशवीतून पुडी काढली. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, धने, तीळ, मिरच्या. घरून आणलेलं. "हे घाला."

"मावशी, नवीन भांडं हाय, गिऱ्हाइकाला द्यायचं..."

"मीच गिऱ्हाईक न्हवं का?"

त्या दिवशी दुकानदाराला तीन मिक्सरमध्ये मसाला वाटावा लागला. दुकानातली सगळी माणसं शिंकत बाहेर गेली. काकी पंख्याखाली शांत उभ्या राहून बोटांनी मसाला चोळून बघत होत्या. घेतला तो दुसरा. घरी येताना मला म्हणाल्या, "पयला लई गोड बोलत हुता." मी विचारलं, कोण, दुकानदार? म्हणाल्या, "न्हाय गं. मिक्सर."

अशा या बाईने आयुष्यातली सगळ्यात अवघड खरेदी केली, ती मात्र नानांसाठी.

नाना म्हणजे त्यांचे यजमान. काकी त्यांना "आमचं मालक" म्हणत, आणि रागावल्या की "ड्रायव्हर". नानांनी सगळं आयुष्य एस.टी. चालवली. गारगोटी, कुरुंदवाड, कोकणात उतरणारे घाट, सगळीकडे. निवृत्तीनंतर शाळेची गाडी चालवत होते. आम्ही राहायला यायच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हलका होता, बोलणं फारसं बिघडलं नव्हतं, पण डावा हात आणि डावा पाय रुसले ते रुसलेच. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी नाही. नाना रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायला लागले. समोरून एखादी बस चढाला लागली की पुटपुटायचे, "तिसरा टाक, तिसरा टाक, रडवतोयस कशाला तिला." पुढे पुढे तेही बंद झालं. दिवसभरात घरात त्यांचा आवाज म्हणजे खोकल्याचा. हाताच्या व्यायामासाठी त्यांना एक रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी खिडकीतून गोठ्याकडे भिरकावला. म्हशीने हुंगला आणि तीही त्याच्यावर रुसली.

"ह्यास्नी चेंडू दाबाय सांगतंय डॉक्टर," काकी म्हणायच्या. "उभ्या जन्मात चेंडू बघितला न्हाय त्यांनी. गिअर दाबाय सांगितला असता तर दाबला असता की."

हे त्या सहज बोलून गेल्या. पण बोललेलं त्यांच्या डोक्यात कुठेतरी भिजत पडलं असावं.

एका सकाळी त्या दूध घेऊन वर आल्या. मी चहा पीत लॅपटॉपवर एक व्हिडिओ बघत होते. माझा एक सहकारी घरी कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम खेळायचा आणि आम्हाला त्याची चित्रफीत पाठवायचा. टेबलाला खरंखुरं स्टिअरिंग लावलेलं, खाली तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा. पडद्यावर डोंगर, वळणं, थांब्यावर उभे प्रवासी.

काकी दुधाचं भांडं हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"हे काय हाय?"

"गेम आहे काकी. बस चालवायचा."

"क्लच हाय त्याला?"

"आहे."

"गिअर डाव्या हातानं?"

मी निरखून पाहिलं. "डावीकडे लावलाय त्याने."

काकी दूध ओतून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर प्रश्न आला. "त्ये यंत्र केवढ्याला पडतंय?"

मी सांगायला लागले, की ते कुठला कॉम्प्युटर घ्याल त्यावर आहे, हल्ली गेमचे कॉम्प्युटर भलतेच महाग झालेत, तयार घेण्यापेक्षा सुटे भाग निवडून जोडून घेतला तर... काकींनी हात वर केला.

"एक रेडी इकतो मी. त्यात बसवायचं."

रेडी म्हणजे म्हशीची तरणी पोर, अजून न व्यालेली. गोठ्यात त्यांची एक होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली, आणि काकींचा तिच्यावर फार जीव होता. मी म्हटलं, "काकी, विचार करा." त्या म्हणाल्या, "केलाय. मालकास्नी सांगू नगंस." आणि जाता जाता, "तू संगट चल. तुला कंप्युटर कळतंय."

मला काहीही कळत नव्हतं. मी कॉम्प्युटरवर पोट भरते, पण त्या डब्याच्या आत काय असतं हे मला, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याला इंजिन कळावं, तेवढंच कळतं. हे काकींना सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत आम्ही गेलो. दुकानाचा मालक सुजित नावाचा तरुण मुलगा होता, दाढी कोरलेली, बोलणं भराभर. दुकानभर काचेचे डबे, आत निळे-जांभळे दिवे फिरत होते.

"हे दिवं कशाला?" काकींचा पहिला प्रश्न.

"लुक येतोय काकी."

"आत गणपती बसवायचाय काय?"

सुजित हसला. त्याने खुर्ची दिली, ती काकींनी नाकारली. त्याने विचारलं, "बजेट किती हाय?"

"एक रेडी."

मला वाटलं, आता हा चक्रावणार. पण पोरगं कोल्हापूरचं होतं. त्याने पापणीही न लववता विचारलं, "गाभण हाय?"

"हाय."

"मग बसतंय."

मी पहिल्यांदाच पाहिलं, की काकींना एखादा दुकानदार आवडला.

सुजितने कागदावर एकेक वस्तू सांगायला सुरुवात केली. सर्वात आधी प्रोसेसर, म्हणजे सगळ्याचं डोकं. त्याने सांगितलेलं डोकं बरंच महाग होतं. काकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरात कंप्युटर हाय?"

"हाय की."

"त्यात ह्योच हाय?"

सुजित थांबला. पेन कानावर ठेवलं, पुन्हा काढलं. "न्हाय. मधला हाय."

"का?"

"गेमला तेवढा बास होतोय काकी. पैसे वाचवून चित्र काढणाऱ्या कार्डात घालावेत. गेम त्या कार्डावर पळतोय."

"मग मला ह्यो का दावलासा?"

"तुमी विचारलाच न्हाईसा," सुजित म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला.

त्यानंतर प्रत्येक वस्तूला तोच प्रश्न. तुमच्या घरी कसली? मेमरी घरी एक मोठी पट्टी की दोन लहान? दोन. मग दोन घाला. साठवणीची जुनी चकती की नवी? नवी, एसएसडी, कारण पटकन सुरू होतं. मग तीच, पण आकाराने लहान, कारण "मालक काय शंभर गेम खेळणार न्हाईत". मॉनिटर वाकडा की सरळ? सुजित म्हणाला, वाकड्यात बसल्यासारखं वाटतं. काकी म्हणाल्या, "एस.टी.ची काच सरळ असती." सरळ घेतला. दिव्यांपाशी आल्यावर मात्र सुजित लाजला. "घरी लायटिंग हाय?" "हाय." "का?" "आवडतंय मला." "असू दे की मग. आवड ती आवड. पर मला नगो."

वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी सुजित स्वतःहून स्वस्तातला द्यायला निघाला. रेडीची किंमत तोवर बरीच संपली होती, त्याला काळजी वाटत होती. काकींनी विचारलं, "ह्यो डबा काय करतोय?"

"सगळ्यास्नी करंट देतोय."

"म्हंजे वैरण."

"तसंच म्हणा."

"वैरणीत काटकसर करायची न्हाय. चांगला घाला." मग माझ्याकडे वळून, "कळंब्यातली वीज तू बघतीसच की. पावण्यागत हाय. आली तर आली, न्हाईतर न्हाय."

फक्त एका गोष्टीत त्यांनी सुजितचं ऐकलं नाही. घरी टीव्हीशेजारी भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कॉम्प्युटर बसवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. कोनाड्याचं माप त्या विती टाकून घेऊन आल्या होत्या. त्या मापात बसणारा एक छोटा, साधा, काळा डबा त्यांनी हेरला.

"काकी, कार्ड अजून घेतलं न्हाईसा. ते लांब निघालं तर ह्यात मावायचं न्हाय."

"मावतंय."

"लांबी बघून घ्या आधी..."

"अवो, मावतंय म्हणतो की मी."

सुजितने तो डबा बाजूला काढून ठेवला. काकींनी चहा मागवायला सांगितला. सौदा ठरला होता.

चित्र काढणारं कार्ड मात्र नवं घेण्याइतके पैसे उरले नव्हते. आणि स्टिअरिंग तर बाकीच होतं. सुजितनेच सांगितलं, कार्ड जुनं घ्या, चालतं, फक्त डोळ्यांसमोर चालू करून बघा, आणि रात्रंदिवस राबवलेलं घेऊ नका. हे काकींना सांगायची गरज नव्हती. जुनी वस्तू आणि म्हैस या दोन्ही बाबतींत त्यांचं एकच म्हणणं होतं, की आधी गोठा बघावा.

मोबाइलवर शोधता शोधता मला कुरुंदवाडचा एक अभिजित सापडला. तो कार्ड विकत होता, आणि फोटोच्या कोपऱ्यात स्टिअरिंगही दिसत होतं. आम्ही एस.टी.ने कुरुंदवाडला गेलो. अभिजित पंचविशीचा, अंगाने भरलेला, डोळ्यांत आजारी वासरासारखं पाणी. घरात त्याचे वडील आप्पा तंबाखू मळत बसले होते.

"लगीन ठरलंय त्याचं," आप्पा म्हणाले. "म्हटलं, आता ही खेळणी काढ घरातनं."

काकी बसल्या नाहीत. चहा घेतला नाही. "चालू करा," म्हणाल्या. अभिजितने गेम लावला. मी पडद्याकडे बघत होते, काकी अभिजितच्या तोंडाकडे. बराच वेळ झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "ताप न्हाय," म्हणाल्या. मग आप्पांकडे वळल्या.

"पावणं, तुमच्या लग्नात तुमी काय सोडलासा?"

आप्पा गोंधळले. "म्हंजे?"

"काय तरी सोड म्हटलं असंल की घरच्यांनी."

"तंबाखू सोड म्हटलंतं."

"मग?"

आप्पांनी हातातल्या तंबाखूकडे पाहिलं. आतून कुणीतरी बाई खळखळून हसली, बहुधा अभिजितची आई. अभिजित पहिल्यांदा हसला. पण म्हणाला, कार्ड न्या, मला खरंच पैसे पाहिजेत, घराला रंग द्यायचाय. "स्टिअरिंग मात्र इकणार न्हाय."

ते स्टिअरिंग पलंगाखाली चादरीत गुंडाळलेलं होतं. पेडलं तीन, दांडा वेगळा. काकींना हवं होतं अगदी तसं. आता सौद्यात काकींचा एक नियम होता. आपली गरज विकणाऱ्याला कधी कळू द्यायची नाही. गरज कळली की भाव चढला. मिक्सरच्या दुकानात सुद्धा "घरात दोन हायत, तिसरा बघावा म्हटलं" असं त्यांनी ठोकून दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी तो नियम मोडला. पलंगाच्या कडेला बसल्या आणि अभिजितला सगळं सांगितलं. नानांची एस.टी., झटका, डावा हात, खिडकी, चेंडू. "महिनं झालं, माझ्याशी भांडलं बी न्हाईत," एवढं सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

अभिजित उठला. पलंगाखालून चादर ओढली. त्याने दोन्हींचा मिळून एक आकडा सांगितला आणि काकींनी पदराच्या गाठीतून तेवढे पैसे काढून दिले. घासाघीस नाही. "वर काय देतासा" नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. परतीच्या बसमध्ये स्टिअरिंग मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. जयसिंगपूर मागे गेल्यावर म्हणाल्या, "लई दिलं काय गं?"

"नाही काकी. रास्त होतं."

"दिलंच असंल," त्या म्हणाल्या, आणि कोल्हापूर येईपर्यंत त्याच दुःखात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुजितच्या दुकानात जोडणी झाली. बाकी सगळं बसलं. शेवटी कार्ड. ते डब्यात जाईना. आडवं घातलं, तिरकं घातलं, बोटभर बाहेरच. सुजितने काकींकडे पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. पोरगं खरंच गुणी.

काकींनी स्वतः एकदा कार्ड हातात घेऊन बघितलं. मग मागे सरकल्या, खुर्ची ओढली आणि त्यात बसल्या. दुकानात!

"चुकलं माझं," सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "कोनाडा मोजला, म्हैस मोजलीच न्हाय. चहा सांग बाबा."

लहान डबा सुजितने परत घेतला. पण लांब कार्ड मावेल असा त्याच्याकडे शिल्लक एकच होता, काचेचा, दिवेवाला. "दिवे बंद ठेवता येतात काकी," तो म्हणाला.

"पैसे दिलेलं दिवं बंद कशाला ठेवायचं?" काकी म्हणाल्या.

अशा रीतीने तो लखलखता कॉम्प्युटर कळंब्यात आला. कोनाड्यात मावला नाहीच, खिडकीशेजारच्या टेबलावर बसला. संध्याकाळी समोरच्या वहिनी येऊन विचारून गेल्या, "काकी, एवढी आरास कसली?" सुजितने स्टिअरिंग टेबलाला आवळलं, गिअरचा दांडा डावीकडे लावला, गेममधून उजवीकडे ड्रायव्हर बसणारी बस निवडून दिली आणि निघून गेला.

नानांनी ते सगळं एकदा बघितलं. पेडलांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग तोंड खिडकीकडे फिरवलं.

"माझी गाडी काढून घेतलासा आन् खेळण्यातली देतासा?"

खूप दिवसांनी त्यांनी उच्चारलेलं ते मोठं वाक्य होतं. काकी स्वयंपाकघरात गेल्या. मी दारात होते, माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भांडी जरा जोरात घासल्याचा आवाज येत राहिला. गोठ्यात विकलेल्या रेडीची दावण रिकामी होती, आणि टेबलावर निळे-जांभळे दिवे आपले फिरत होते. मला वाटलं, संपलं हे. आता सुजितला फोन करून विचारावं लागणार, परत किती देशील.

पुढचे काही दिवस नाना टेबलाकडे पाठ करून बसले. काकींनी आग्रह केला नाही. टेबल पुसायच्या, स्टिअरिंगवरची धूळ झटकायच्या. मग एक दिवस दुपारी, गोठ्यातलं आवरून, हात धुऊन, पदर खोचून, काकी स्वतः त्या खुर्चीत बसल्या. कसं सुरू करायचं ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं. मी जिन्यात उभी राहून बघत होते.

बस सुरू झाली. म्हणजे गुरगुरली, आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू. पुन्हा आचका. तिसऱ्यांदा ती सुटली ती थेट समोरच्या फुटपाथवर. कर्कश हॉर्न. कुणीतरी परदेशी भाषेत ओरडलं. काकींनी गिअरचा दांडा असा ओढला की कर्रर्र आवाज घरभर घुमला. खिडकीतल्या पाठीने अंग चोरलं.

बस एका खांबाला घासली. पुन्हा कर्रर्र.

"अगं क्लच!" नाना पाठमोरेच म्हणाले.

"काय?"

"क्लच दाब आधी! दात काढतीस काय गाडीचं?"

"कुठला क्लच? तीन हायत हितं."

"डावा! डावा पाय! अगं डावा म्हंजे... ब्रेक मार, ब्रेक! आगं आई गं..."

बस एका दुकानात शिरली. नाना भिंतीचा आधार घेत उठले. डावा पाय ओढत टेबलापाशी आले. "ऊठ," म्हणाले. "ऊठ म्हणतो न्हवं. पाशिंजर मारशील तू."

काकी उठल्या. नाना बसले. उजवा हात स्टिअरिंगवर गेला आणि तिथेच राहिला, जणू तिथून कधी निघालाच नव्हता. डावा पाय त्यांनी कसाबसा क्लचवर रेटला. डावा हात उजव्याने उचलून दांड्यावर ठेवला. बोटं आवळेनात. काकींनी त्यावर आपला हात ठेवला आणि पहिला गिअर दोघांनी मिळून टाकला. मी जिन्यातून वर निघून गेले.

नंतर मी त्यांना विचारलं, "काकी, मुद्दाम वाईट चालवलीत ना?"

काकी खरोखर दुखावल्या. "मुद्दाम कशाला? मला येतंय काय त्ये!"

चमत्कार वगैरे झाला नाही. नानांचा हात पहिल्यासारखा झाला नाही, पाय अजूनही ओढतच होता. पण दांडा त्यांचा ते टाकायला लागले, आणि काही महिन्यांनी चहाचा कप डाव्या हातात धरायला लागले, बशीत थोडा सांडत. मुख्य म्हणजे भांडायला लागले. जेवणावरून, म्हशींवरून, गेममधल्या ड्रायव्हरांवरून. गेममध्ये त्यांनी कधी काही जिंकलं नाही. ते कुणाला ओव्हरटेक करत नसत, प्रत्येक थांब्याला थांबत, आणि वेळेच्या आधी पोचले तर गाडी बाजूला घेऊन उभे राहत. अभिजित लग्नानंतर बायकोला घेऊन एकदा आला. त्याला थोडं चालवायला दिलं. वळणावर त्याने पुढच्या गाडीला मागे टाकलं तसं नानांनी त्याला खुर्चीतून उठवलं. "लगीन झालंय तुझं," म्हणाले. त्याची बायको पोट धरून हसत होती.

मग आमची बदली झाली, परत पुण्याला. सामानाचा टेम्पो पुढे गेला. मी किल्ली द्यायला खाली आले. सकाळची दुधं आटोपली होती. दार उघडंच होतं.

नाना स्टिअरिंगवर होते. त्यांच्या मागे, जरा डाव्या अंगाला, काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर पर्स, आणि पर्सवर दोन्ही हात. मला वाटलं, कुठे लग्नाला निघाल्यात.

"कुठं निघालात काकी?"

"हितंच," त्या म्हणाल्या. नजर पडद्यावरच होती. तिथे कुठल्यातरी परक्या मुलखातला घाट होता, एका बाजूला दरी, खाली समुद्र. "उभ्या जन्मात मी ह्यांच्या गाडीत बसलो न्हाय बघ. सकाळ-संध्याकाळ धारा. म्हशीस्नी टाकून कुठं जाणार? समदं गाव बसलं ह्यांच्या मागं, मी तेवढा ऱ्हायलो."

नानांनी दुसरा टाकला. चढ लागला होता.

"कुठं आलो ओ?" काकींनी विचारलं.

"म्हाईत न्हाय," नाना म्हणाले. "रस्ता ब्येस हाय."

"मग चालू द्या."

मी किल्ली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. पाया पडायला वाकणार, तर काकींनी मान न वळवता एक हात मागे करून माझं मनगट घट्ट धरलं, क्षणभर, आणि सोडलं.

"ही सुटली आता पोरी," म्हणाल्या. "तू मागच्या गाडीनं ये."